ऑर्गन थांबला नाही

गार्डन रीच, कलकत्ता
५ नोव्हेंबर १९५३

श्रीधरच्या वडिलांना नमस्कार.

इकडे सर्व ठीक. मिरजेला थंडी पडली असेल, मफलर वापरत जा. वैशालीला मुलगी झाल्याची तार श्रीधरने केलीच आहे. सूनबाई बरी आहे. नात सावळी, नाक तुमचं, आवाज मात्र माझ्यासारखा खणखणीत. बारसं सव्वा महिन्यानं करू म्हणतो आहोत.

हसू नका, पण मी चर्चमध्ये गाते! वरच्या मजल्यावरच्या मिसेस विश्वास तिथलं समूहगान बसवतात. त्यांनी जिन्यातून माझा आवाज ऐकला आणि हाताला धरूनच नेलं. मेलेल्यांसाठीची लॅटिन प्रार्थना आहे, कुणा फ्रेंच माणसानं गेल्या शतकात बांधलेली. मी शब्द देवनागरीत लिहून पाठ केले. साथीला ऑर्गन. तुमच्या पायपेटीसारखा नव्हे हो, भिंतभर नळ्या, आणि वाजला की पायाखालची फरशी थरथरते.

सोमवारी कार्यक्रम झाला. मधल्या चार ओळी मला एकटीला होत्या. तालमीत सगळं नीट व्हायचं. पण त्या दिवशी चर्च भरलेलं पाहिलं आणि माझी नाटकातली खोड उसळली. वरचा सूर असा काही लागला की मी तो सोडीचना. आपल्याकडे टाळ्या पडल्या असत्या. इथं ऑर्गन सरळ पुढं निघून गेला! मी एकटी वर लोंबकळत. कशीबशी धावत जाऊन गाठलं. नंतर मिसेस विश्वास म्हणाल्या, "दीदी, ऑर्गन किसी के लिए नहीं रुकता."

घरी आले आणि रडले. फजिती झाली म्हणून नव्हे. तुमची फार आठवण आली.

आपल्या नाटक कंपनीत मी मनाला येईल तिथं थांबायचे, वाटेल तिथून उतरायचे, आणि दरवेळी खाली तुमचा सूर हजर. मला वाटायचं, ती माझ्याच गळ्याची करामत. लोक "वा ऑर्गन!" म्हणाले की माझा नुसता जळफळाट. कंपनी बुडाल्यावर "बसा तुमची पेटी कवटाळून" म्हणून मी इकडे निघून आले, तेही... असो. तो विषय आज नको.

श्रीधर सांगत होता, पेटीवर आता तुम्ही अंथरुणाच्या वळकट्या ठेवता. खरं का? लाज नाही वाटत?

बारशाला पाळणा मी म्हणणार. शेजारच्या बाई हार्मोनियम वाजवायला तयार आहेत, पण मी नको म्हटलं. मी कुठं थांबेन ते त्यांना काय कप्पाळ कळणार!

हावड्याला श्रीधर उतरून घ्यायला येईल. बारशाचा दिवस अजून ठरवलेला नाही. तुम्ही आल्याशिवाय पाळणा सुरू होणार नाही. आजवर तुम्ही थांबलात, आता मी थांबते.

तुमचीच,
वृंदा