पाकिटावरची श्रीमती

॥ श्री ॥

मालवीय नगर, जयपूर
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
धाकट्या विनयाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवड्याने पोचलं. साताऱ्याहून माणूस निघाला तर दीड दिवसात इथे येतो. पत्राला वाटेत पाहुणचार फार होतो असं दिसतं. तरीही पत्रच बरं. फोनवर हल्ली तू ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवते’ यापलीकडे जात नाहीस, जणू कोणी शेजारी बसून ऐकतंय.

दिवाळीच्या सुट्टीत ये म्हणतेस, आणि कारण विचारलं तर ‘सहज’. ताई, मला सहज येणं जमलं असतं तर मी संस्कृत कशाला शिकवत बसले असते? शाळेला सुट्टी लागली की कादंबरी पुरी करायची असं ठरवून बसले आहे. प्रकाशकांना नोव्हेंबरअखेर हस्तलिखित हवंय. त्यातच अनुयावन्सं सासूबाईंना घेऊन सहकुटुंब येतायत, आमेरचा किल्ला बघायला. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. यांची तिकिटं श्रावणातच काढून झाली आहेत, तेव्हा यांना अतिथी म्हणणं व्याकरणात बसत नाही. हे मी उमाकांतना ऐकवलं. बँकेतला माणूस, म्हणाले, व्याकरण राहू दे, चकलीची भाजणी संपलीये.

तर माझं लेखन सध्या मागच्या बाल्कनीत, इस्त्रीच्या टेबलावर चालतं. कपडे आले की तात्या उठतात, कपडे गेले की बसतात. तात्या म्हणजे माझ्या कादंबरीतले विसराळू गृहस्थ. तुझ्यापासून काय लपवायचं, ते आपले सतीशभावोजीच आहेत, मी फक्त मिशा लावल्या. त्यांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि विसरल्याचा बोल आंबट कढीला लावला, तो प्रसंग वाचून प्रकाशक फोनवर हसत सुटले. आणखी असे दोन-चार पाठव ना. विमा ऑफिसात मृत्यूचे दावे निकाली काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाचा निवृत्तीनंतर इतका विनोद व्हावा ही देवाची कृपाच.

पत्राची वाट बघते. माया आहेच, ती फराळाच्या डब्यासारखी लवकर रिकामी होऊ देऊ नये.

तुझी,
विनया

---

॥ श्री ॥

सातारा
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विनयास,
अनेक आशीर्वाद.

तू प्रसंग मागितलेस, म्हणून पाठवते.

परवा हे दूध आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून बाहेर डोकावले, तर समोरच्या वसंतरावांच्या फाटकाशी उभे. त्यांच्या कुलपात आपली किल्ली घालत होते. वसंतराव बाहेर आले, तर हे त्यांच्यावरच रागावले की न विचारता कुलूप का बदललं. वसंतराव बिचारे सज्जन, माफी मागून मोकळे झाले.

तुळस गेली. रोज पाणी घालायचं काम यांच्याकडे होतं. घातलं की पुन्हा घालायचे, पुन्हा घालायचे. मुळं कुजली. कोरड्या काडीला अजूनही पाणी चालू आहे.

आणि परवा चहा मागताना मला म्हणाले, "बाई, त्रास नसेल तर अर्धा कप मिळेल का?" इतक्या अदबीने त्यांनी आमच्या लग्नातसुद्धा मला काही विचारलं नव्हतं. तू असतीस तर हसली असतीस. मीही हसले.

फोनवर मी बोलत नाही म्हणतेस. हे शेजारीच असतात गं. माझा आवाज कुठून येतोय ते बघत बसतात. दिवसभर दाराशी खुर्ची टाकून पोस्टमनची वाट पाहणं हा यांचा नवा छंद. दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवून घेतली आहे. मांजर फार येतं.

तुझी सुट्टी कधीपासून? कादंबरी इथेही लिहिता येईल. माडीवरची खोली रिकामी आहे, पाहुणे कोणी नाहीत. विचार करून बघ. सहजच म्हणते.

उमाकांतरावांना नमस्कार, मैत्रेयीला पापा. आठवण ठेवतेसच, ती तशीच असू दे.

तुझी,
ताई

---

॥ श्री ॥

जयपूर
२७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळी पार पडली. मी जिवंत आहे, तात्याही जिवंत आहेत. वन्संची मंडळी काल गेली. सासूबाई राहिल्या, कारण त्यांना इथली हवा मानवली. हवेला त्या मानवल्या का ते विचारायची सोय नाही. जौहरी बाजारातली रोषणाई बघायला मला चार वेळा नेण्यात आलं. ‘नेण्यात आलं’ हा कर्मणी प्रयोग जाणूनबुजून केला आहे, कर्ता कोणी उरलाच नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी इस्त्रीच्या टेबलाशी अर्धं पान लिहिलं, तर वन्सं येऊन म्हणाल्या, वहिनी, हिशेब नंतर करा ना. मी हिशेबच करतेय असं सांगून टाकलं. कथा म्हटलं असतं तर त्या बसून राहिल्या असत्या.

तुझी तुळस आणि ते कुलूप मी जसंच्या तसं घेतलं. तात्या आता शेजाऱ्याला रागावतात आणि शेजारी माफी मागतो. वाचून सगळे लोळतील. सातारच्या मांजरांना कडी काढता येते, म्हणून ती वर बसवावी लागते, हेही कुठेतरी घालायचा मोह आहे.

शेवटचं प्रकरण मात्र हलत नाही. तात्यांचं पुढे काय होतं ते मला ठरवता येत नाहीये. ते हातात असताना सुट्टी संपली, म्हणून तुझ्याकडे येणं राहिलं. रागावू नकोस. नाताळच्या सुट्टीत जमवते.

या खेपेला पत्ता मैत्रेयीने घातला आहे. माझं अक्षर इथल्या डाकघरातल्या भैयांना कळत नाही अशी तिची तक्रार असते. मावशीला पत्र म्हणून तिने लाल पेनाने, अगदी वळणदार लिहिलंय. मराठी बोलताना अडखळते, पण तुझं नाव न चुकता लिहिलं हो.

लोभ आटू देऊ नये, पाणी कमी घातलं तरी चालेल.

तुझी,
विनया

---

॥ श्री ॥

सातारा
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विनयास,
आशीर्वाद.

मैत्रेयीला काही बोलू नकोस. पोरीची काही चूक नाही. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

पोस्टमनने तुझं पाकीट यांच्या हातात दिलं. त्यावर ठळक लिहिलं होतं, ‘श्रीमती अनुश्री खांबेटे’. हिंदी शाळेत बायकांना श्रीमतीच लिहायला शिकवतात, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईला श्रीमती लिहितात, आणि यांनी तर उभा जन्म तशीच पाकिटं पाठवली. सौ. खोडायचं, श्रीमती लिहायचं आणि दाव्याचे कागद पाठवायचे.

पाकीट वाचून हे आत गेले. धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि माझ्यासमोर हात जोडून बसले. म्हणाले, "बाई, आपले यजमान कधी गेले?"

मी म्हटलं, कुठे गेलेत, बाजारात गेलेत. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. त्यावर इतक्या मायेने म्हणाले की सुरुवातीला सगळ्याजणी असंच म्हणतात, घाई नाही, कागदपत्रांचं मी बघतो. विनया, मला त्यांनी धीर दिला. ऑफिसात कित्येक बायकांना त्यांनी असाच धीर दिला असेल, मला तो कधी बघायला मिळाला नव्हता.

तेव्हापासून पाकीट त्यांच्या खिशात आहे. मागून मिळत नाही. संध्याकाळ झाली की बेचैन होतात, यजमान अजून कसे आले नाहीत म्हणून विचारतात. कधी गेलेत म्हणतात, कधी हरवलेत. हरवलेत असं वाटलं की दाराशी जातात.

इथल्या डॉक्टरांना दाखवून झालं. गोळ्या चालू आहेत. पुण्याला दाखवायला सांगितलंय. मला एकटीला यांना बसमधून नेणं जमायचं नाही, वाटेत उतरून गेले तर?

हे पुस्तकात घालू नकोस. ये.

ताई

---

॥ श्री ॥

जयपूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इस्त्रीच्या टेबलाशी बसून राहिले. धोबी कपडे घेऊन आला तरी उठले नाही.

मैत्रेयी खूप रडली. तिला मी समजावलं की श्री आणि मतुप् प्रत्यय, म्हणजे जिच्यापाशी श्री आहे ती श्रीमती, शब्दात काहीसुद्धा वाईट नाही. ती म्हणाली, मतलब चूक कुणाची आहे मग? या खेपेला पत्ता मीच घातला आहे, सौ. इतकं मोठं काढलंय की नावाला जागा उरली नाही.

मांजराचं मला आधीच कळायला हवं होतं. कडीवर विनोद करून मोकळी झाले.

घालू नकोस म्हणालीस. घातलं नाही. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, तुझं पत्र मिटल्यावर हाताने ते लिहूनच टाकलं होतं. तात्या हात जोडून बसलेत, आणि बाई म्हणते बाजारात गेलेत. सबंध कादंबरीत तेवढं एकच पान खरं उतरलं. फाडलं ते. फाडलं म्हणजे चार तुकडे केलेत, ते अजून टेबलाच्या खणात आहेत.

आजच निघावं असं दहादा मनात आलं. पण प्रकाशकांची मुदत पंधरवड्यावर आलीये, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच महिन्यात ठरलंय आणि शाळेच्या परीक्षा आहेत. पंचवीस डिसेंबरला सुट्टी लागते. त्या दिवशीचं तिकीट काढलं आहे. मी आले की आपण दोघी मिळून भावोजींना पुण्याला नेऊ. तोवर सांभाळ. रोज फोन करते, तू नुसतं ‘हो’ म्हण, मला कळेल.

दीड महिन्याचाच प्रश्न आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
विनया

---

॥ श्री ॥

सातारा
२४ नोव्हेंबर २०२५

सौ. विनयाबाई यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही. आपला पत्ता माझ्या खिशातील पाकिटाच्या मागील बाजूस मिळाला, त्यावरून हे धाडस करीत आहे.

मी सध्या आपल्या भगिनी श्रीमती अनुश्रीबाई यांच्या घरी उतरलो आहे. किती दिवस झाले ते नक्की सांगता येत नाही. बाई अतिशय सालस आहेत. मला वेळेवर जेवू घालतात, औषध देतात, माझे कपडे त्यांच्या कपड्यांत धुतात. परक्या माणसासाठी इतके कोणी करीत नाही. मला संकोच वाटतो.

बाईंचे दुःख मोठे आहे. त्यांचे यजमान नाहीत, आणि त्यांना ते मान्य नाही. विचारले की बाजारात गेले म्हणतात. बाहेरच्या खोलीत दोघांचा लग्नातील फोटो आहे. गृहस्थ जरीची टोपी घालून उभे आहेत. चेहऱ्यावरून माणूस बरा वाटतो, असा न सांगता जाणारा वाटत नाही. त्यामुळे ते गेले नसावेत, वाट चुकले असावेत, अशा निष्कर्षाप्रत मी आलो आहे. माझ्या अनुभवात अशीही काही प्रकरणे झाली आहेत. माणूस जिवंत असतो आणि घरचे कागद भरून बसतात.

बाई आपल्याला पत्रे लिहितात आणि फाडतात. फोनवर आपल्याशी ‘हो’ म्हणतात आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडतात. आपण लेखिका आहात व कामात आहात असे त्यांच्याकडून समजले. लेखन हे मोठे काम आहे. तरीही सणासुदीला, सुट्टीला सख्खे माणूस घरात असावे असे आपले मला वाटते. मी काही त्यांचा कोणी नव्हे.

सबब मीच ठरवले आहे की उद्या सकाळी यजमानांना शोधायला निघावे. बाई पूजेला बसतात तेव्हा वेळ मिळतो. दाराला वर एक कडी आहे, ती स्टुलावर चढले की निघते, हे मी आज पाहून ठेवले आहे. बाईंना सांगितलेले नाही, त्या उगाच आशा लावून बसतील. ते सापडले की त्यांना घेऊनच परत येईन.

हे पत्र खिडकीतून पोस्टमनच्या हाती देत आहे. एकच अडचण आहे. यजमानांचे नाव मला कोणी सांगत नाही. बाई पूर्वीच्या वळणाच्या आहेत, त्या नाव घेत नाहीत. तरी आपण ते उलट टपाली कळवावे, म्हणजे रस्त्यात लोकांना विचारायला बरे पडेल.

अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा, ही विनंती.

आपला नम्र,
सतीश खांबेटे
दावे विभाग