सौंसरच्या संग्रहातली काचपट्टी

१ जुलै १९८६
वाटलंच होतं! आज कृषी विद्यापीठाच्या कीटकसंग्रहाची एक पेटी उघडली — फुलपाखरांचा नुसता भुगा. टाचण्या तेवढ्या उभ्या. मेलेल्या किड्यांना जिवंत किडे खाऊन राहिले! डांबरगोळ्या मागून मागून थकले. केंद्राचे प्रमुख केशवराव साहेब म्हणतात, "प्रमिलाबाई, पाहुणे आले की समोरच्या पेट्या दाखवायच्या." मग सौंसरच्या या केंद्रात मी कशाला बसले? धूळ झटकायला?

४ जुलै
मोहगावच्या केसरबाई संत्र्याची मुळं घेऊन आल्या. झाडं शेंड्याकडून वाळून राहिली म्हणे. "बाई, किडा हाय का पाहा. नाही तं जुनी काढून तुमच्याच नर्सरीतली कलमं लावतो."
मुळं कितीही धुतली तरी माती सुटेना. मायक्रोस्कोपखाली धरली — सूत्रकृमी, मुळांतला रस शोषणारे दोऱ्यासारखे बारीक किडे! तोंड मुळात खुपसलेलं, शेपटाकडचं अंग बाहेर फुगलेलं.

५ जुलै
ओळख पक्की करायला संग्रहातल्या सूत्रकृमींच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइडी, काढल्या. सगळ्या आटलेल्या, तडकलेल्या. साहेब म्हणाले, "जुळवायला नमुनाच नाही, तर नाव कशावरून देता?"
अहो, पण नमुने सुकू दिले कोणी? — हे अर्थात मनातल्या मनात.

८ जुलै
आमच्याच नर्सरीतलं एक कलम उपटून पाहिलं. तेच किडे! तशीच साहेबांकडे गेले. त्यांचा चेहरा लाल. "नर्सरीचं नाव काढायचं नाही. तुम्ही बी.एस्सी. आहात, डॉक्टर नाही."
"साहेब, परवा शेतकऱ्यांना याच कलमांचं वाटप आहे."
"आहे. आणि होणार."

९ जुलै
जेवण गेलं नाही. नोकरी सुटली तर आईला काय सांगू?

१० जुलै
वाटपाला रामाकोना-मोहगावकडची माणसं रांगेत. मी मायक्रोस्कोप उचलला आणि सरळ व्हरांड्यात नेऊन ठेवला. "केसरबाई, या. तुम्हीच पाहा." नर्सरीतल्या कलमाची मुळं धुतलेलं पाणी काचेवर होतं.
त्या वाकल्या. "अगं माय! हे तं वळवळ करून राहिले!"
मग एकेकानं डोळा लावला. बरेच जण रिकाम्या हातानं परतले. काहींनी मात्र कलमं नेलीच! केसरबाई जाता जाता म्हणाल्या, "मंग आता लावू काय, तेबी सांगा ना बाई." खरंच, काय सांगणार होते?
साहेब एवढंच बोलले — "उद्यापासून येऊ नका."

११ जुलै
पांढुर्ण्यात, घरीच. आईनं तरीही सकाळी डबा भरून ठेवला. त्याचाच जास्त राग येतो.

१२ जुलै
दुपारी दाराशी साहेब! हातात चिखलानं भरलेली पिशवी. "तिगावच्या माझ्या बगीच्यातली मुळं आहेत. तिथलीही झाडं शेंड्याकडून वाळताहेत. तीन वर्षांखाली आपलीच कलमं लावली होती." पिशवी माझ्या हातात दिली. "सोमवारी या. काचपट्टी करून संग्रहात ठेवा. बगीचा कोणाचा, तेही लिहा."