शून्य कायम ठेवा

नालासोपारा (पूर्व)
१४ ऑगस्ट २००२

चि. सुमेधला ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबत राखी घातली आहे, पोचली की कळव. यांचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण डॉक्टरकडे जातील तर शपथ. मागच्या आठवड्यातल्या पावसात पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, आता ओसरलं.

वसईच्या छापखान्यात काम जोरात आहे. तुला सांगितलं नव्हतं, तुमच्या कोळसा कंपनीच्या वार्षिक अहवालाची मराठी प्रत यंदा आमच्याकडे छापायला आली. प्रुफं मीच तपासली. उत्पादन वाढलं, नफा वाढला, पहिल्या पानावर साहेबांचा हसरा फोटो. बाबा असते तर लेकाची कंपनी म्हणून कापून भिंतीला लावला असता.

बघ, पानभर लिहिलं आणि सांगायचं ते राहिलंच.

बारावं पान सुरक्षेचं. तुझ्या तीन नंबर खाणीपुढे वर्षभरातले मृत्यू: शून्य. अरे, जानेवारीत छत कोसळून तुझा दोस्त जयराम गेला. त्याला तू खांद्यावर घेऊन वर आलास, हे तूच लिहिलं होतंस. मला वाटलं, अक्षरं जुळवणाऱ्याची चूक. लाल शाईनं शून्याभोवती गोल केला, समासात 'एक' लिहिलं आणि शहाणपणा करून पुढे जयरामचं नावही लिहिलं.

प्रूफ कंपनीकडून परत आलं. माझा 'एक' खोडलेला. खाली लिहिलं होतं, 'शून्य कायम ठेवा. ठेकेदाराचा माणूस, आपल्या यादीत नाही.' आमचे मालक रुडॉल्फ म्हणाले, "विनयाबाई, गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं." आणि मी सोडलं रे ते पान. 'बरोबर' म्हणून खाली सही केली. त्या दिवशी आमटीत मीठ घातलं की नाही तेही आठवेना.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. कायमची नोकरी सोडून स्वेच्छानिवृत्ती घेणार आणि एक सप्टेंबरपासून त्याच ठेकेदाराकडे, त्याच तीन नंबरात मुकादम होणार. पगार जास्त आहे म्हणतोस. अभिनंदन लिहायला तीनदा बसले, जमलं नाही.

मला फार भीती वाटते, सुमेध. तू खाली उतरतोस याची भीती चौदा वर्षांची आहे, तिच्यासकट मी जेवते-झोपते. पण आता वाटतं, तुला काही झालं तर पुढच्या वर्षी हेच पान माझ्या टेबलावर येईल. त्यावर शून्य असेल आणि मला खाली सही करावी लागेल.

अर्ज महिनाअखेरपर्यंत मागे घेता येतो, असं तूच लिहिलंयस. मागे घे. चिडलास तर चिड, वर्षभर बोलू नकोस माझ्याशी.

लाल शाईचं ते पान मी छापखान्यातून चोरून आणलं. राखीखाली घडी करून ठेवलंय. तू वाच आणि मग जयरामच्या बायकोला नेऊन दे. निदान त्या एका कागदावर त्याचं नाव आहे.

तुला मोजणारी,
ताई