लाल इटालियन आणि काही तांत्रिक मतभेद

३ मार्च, रविवार
घेतली! १९५६ सालची इटालियन मोटरसायकल. लाल. अख्ख्या देशात तीनच असतील, असं विकणारे निवृत्त दातांचे डॉक्टर म्हणाले. सध्या बंद आहे. काम किरकोळ : पिस्टन, टायमिंग, ब्रेक, वायरिंग. बस. आठ दिवसांत रस्त्यावर.
चावी देताना डॉक्टरांची दोन बोटं वाकडी दिसली. म्हणाले, चिडलेले असाल तेव्हा हिला हात लावू नका. वयानुसार माणूस हळवा होतो.

५ मार्च, मंगळवार
बायको पार्किंगमध्ये आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. हे काय, म्हणाली. म्हटलं, इटालियन आहे. म्हणाली, मग इटलीतच राहू द्यायची. मुलीला रंग आवडला. अकराव्या वर्षीच तिला दृष्टी आहे. माझ्यावर गेलीय.
संकल्प : रोज एक तास काम. शांत डोक्याने. शांतपणाचा प्रश्नच नाही. पाणी खात्याच्या तक्रार खिडकीवर सतरा वर्षं काढलीत.

९ मार्च, शनिवार, सकाळी ७.१०
पहिली किक. उलटी आली, थेट नडगीवर. मी शेजारच्या स्कूटरवर पडलो, ती पुढच्या स्कूटरवर. एकूण पाच आडव्या. दुसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर बनियनवरच धावत आले आणि माझी कॉलर धरली. मी त्यांचं बनियन धरलं. फाटलं. मुळात विरलेलंच होतं.

१२ मार्च, मंगळवार
गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. सत्तरीचा आहे. तासभर गाडीपुढे उकिडवा बसला. म्हणाला, टायमिंगच्या गिअरचे दात गेलेत, म्हणून किक उलटी मारते. पार्ट कुठेच मिळणार नाही, लेथवर घडवावा लागेल. दोन महिने द्या साहेब. हिला घाई चालत नाही.
म्हटलं, आठ दिवस देतो. तो हसला. मी त्याला जरासं ढकललं. त्याने पाना फेकला. भुवईवर चार टाके. याला भांडण म्हणता येणार नाही. तांत्रिक मतभेद.
गाडी परत आणली. स्वतःच करणार. माणसाने परावलंबी असू नये.

१६ मार्च, शनिवार
पिस्टन जाम. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्याने हलकेच ठोकला. मग जरा जोरात. मग हातोडा सुटला आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून आत गेला. काकू बाथरूममध्ये होत्या म्हणून वाचल्या. आभार मानायचे सोडून आरडाओरडा केला.
पिस्टन मात्र सुटला!

१९ मार्च, मंगळवार
ऑफिस. एक गृहस्थ खिडकीत हात घालून लवकर करा, लवकर करा म्हणत होता. मी खिडकी बंद केली. बोटं आत आहेत हे त्याने आधी सांगायला हवं होतं. साहेबांनी आठवडाभर रजेवर जायला सांगितलं. बरंच झालं. गाडीला वेळ मिळेल.

२१ मार्च, गुरुवार
मेहुणा आला. बायकोचा एकुलता एक भाऊ. न विचारता गाडीवर बसला, तोंडाने घुर्रर्र आवाज काढला आणि म्हणाला, भावोजी, भंगारवाल्याला दाखवलीत का? पुढचं नीट आठवत नाही. त्याचा वरचा एक दात मडगार्डवर सापडला. मडगार्डला ओरखडा नाही. जुनं काम ते जुनं काम.
 बायकोने दात रुमालात गुंडाळला आणि भावाला घेऊन दवाखान्यात गेली.

२२ मार्च, शुक्रवार
जेवताना मिठासाठी हात पुढे केला, तर मुलगी खुर्चीसकट मागे सरकली. परीक्षेचं टेन्शन असणार. शाळेत जाऊन विचारलं पाहिजे, मुलांवर एवढं दडपण का आणतात.

२४ मार्च, रविवार
आज चालू होणारच होती. बारा किका मारल्या. तेराव्या किकेने मला उचलून भिंतीवर आपटलं. तोंडात रक्त. उठलो तेव्हा हातोडा हातातच होता. आधी हेडलाइट. मग टाकी. मग मीटर. मग पुन्हा टाकी.
मुलगी जेवायला बोलवायला आली होती. जिन्यात केव्हापासून उभी होती कोण जाणे. बोलावलं नाहीच. वर पळाली.

२५ मार्च, सोमवार, दुपारी ४
उस्ताद आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, त्या दिवशी पाना फेकायला नको होता, लागलं तुम्हाला. तेव्हापासून बसलो होतो याच्यावर. उघडलं तर गिअर. नवाकोरा. एकेक दात हाताने घासलेला.
मग त्याला गाडी दिसली.  त्याने चेपलेल्या टाकीवरून हात फिरवला. गिअर पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, खिशात घातला आणि गेला. माझ्याशी बोलायला हवं होतं त्याने. मी ऐकून घेतलं असतं.

२६ मार्च, मंगळवार
बायको आणि मुलगी मेहुण्याकडे राहायला गेल्या. त्याच्या दाताचं बघायला कोणीतरी हवंच. चारसहा दिवस लागतील.

३१ मार्च, रविवार
सकाळी बायकोचा फोन. म्हणाली, कपडे आणि मुलीची पुस्तकं न्यायला येतोय. अर्धा तास घराबाहेर राहाल का? कशाला, असं विचारलं. म्हणाली, ती जिना चढायला तयार नाही.
समोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसलो. दोन बस थांबल्या. मी चढत नाही हे बघून दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने शिवी हासडली. चांगली सणसणीत. मी खाली मान घालून बसलो.
वर खिडकीत दोघी दिसत होत्या. कपड्यांच्या घड्या करत होत्या. सगळ्या कपड्यांच्या, हिवाळ्याच्यासुद्धा. मुलीने मला पाहिलं. मी हात वर केला.
तिने पडदा ओढून घेतला.