खिडकीखालची मंडळी

पोल्वेन, कॉर्नवॉल
९ ऑक्टोबर १८०५

प्रिय टॅमसिनताई,

यंदा मासळीनं हात दिला. खारवून पिंपं भरली, बायकांचे हात मिठानं सोलवटले, तरी सगळ्या खुशीत आहेत. मॉरवेना तुझ्यासारखा केशरी केक करायला जाते आणि दर वेळी करपवते. मी मुकाट्यानं खातो. बायकोपुढे कुणाचं चाललंय!

दोन वर्षांपूर्वी आपल्या पंथाच्या वरिष्ठांचा ठराव आला, की बाईनं उपदेश करायचा तर फक्त बायकांपुढे. चॅपेलचा कारभारी म्हणून तो मी वाचला आणि उपदेशकांच्या यादीतून तुझं नाव माझ्याच हातानं खोडलं. तू ट्रूरोला निघून गेलीस. नियम तो नियम, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. खरं सांगू? तुझ्या उपदेशाला तीन-तीन मैल चालत माणसं यायची, माझ्या वेळी बाकं रिकामी असायची. ते मला खुपत होतं.

आता गंमत ऐक. उन्हाळ्यात बायकांनी दर गुरुवारी चॅपेलमध्ये आपली सभा सुरू केली. किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मी ऐटीत आत शिरलो, तर मॉरवेनानं दारातच अडवलं. म्हणाली, "कारभारी, ठराव तुम्हीच वाचलात ना? फक्त बायकांपुढे! मग व्हा बाहेर." आत नुसता हशा. मी खिडकीखाली उभा राहिलो. पुढच्या गुरुवारी म्हातारा पास्को स्टूल घेऊन आला. मग जाळी विणायच्या निमित्तानं आणखी नऊ जण. आता आतल्यापेक्षा बाहेरच गर्दी जास्त असते.

परवा मात्र मॉरवेनानं बजावलं, "आम्ही आपलं सुचेल ते बोलतो हो, पण बोलावं ते टॅमसिनवन्संनीच. घालवलंत तुम्ही, आता आणाही तुम्हीच. नाहीतर खिडकीसुद्धा बंद!"

म्हणून हे पत्र. पण बायकोच्या धाकानं लिहितोय असं समजू नकोस. चुकलो मी, ताई, आणि तुझी फार आठवण येते. यादीत तुझं नाव पुन्हा लिहिलंय, या महिन्याचा शेवटचा गुरुवार. ठराव मोडायचा नाही, तू बायकांशीच बोल. फक्त जरा खिडकीकडे तोंड करून बोल, माझा डावा कान गेलाय.

तुझाच अडेल भाऊ,
जॅगो