डाव्या पायाचा मोजा

ता. ९ ऑगस्ट, दुपार

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी खुशाली फोनवर कळते. आमची कळत नाही, कारण मी 'सगळं छान' म्हणतो तेव्हा तुझी आई पलंगावरून माझ्याकडे बघत असते, आणि त्या नजरेपुढे मला दुसरं वाक्य सुचत नाही. आत्ता तिचा डोळा लागला आहे, म्हणून हे पत्र.

पित्ताशयातला खडा वाट चुकला आणि स्वादुपिंडाला सूज आली, इथवर तुला ठाऊक आहे. या अवयवाचं नामकरण करणारा गृहस्थ विनोदी असावा. नावात स्वाद, आणि तुझ्या आईला पाणीसुद्धा चमच्याने. पण पोटातली कळ आता उतरली आहे. काल तिने माझ्या शर्टाच्या इस्त्रीला नावं ठेवली, त्यावरून प्रकृती सुधारते आहे असं निदान मी केलं.

इथे माझ्याकडे मोज्यांचं खातं आहे. या आजारात रक्त गोठायला टपलेलं असतं, त्यात माणूस पडून. म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन आणि पायांत मांडीपर्यंत घट्ट मोजे. ते चढवणं म्हणजे गादीला उशीचा अभ्रा घालण्यापैकी. तुझी आई सिस्टरना म्हणाली, "तुम्ही राहू द्या, हे घालतील. पायाशी बसायची सवय तरी होईल." बसतो. तिच्या करंगळीवर तीळ आहे, हे इतक्या वर्षांनी मला इथे कळलं.

परवा ते मोजे मी धुतले. कुणाला न विचारता, कढत पाण्यात, खसाखसा. काल सकाळी उजवा नीट चढला, डावा पोटरीवर अडला. आटवला मी, दुसरं काय! सिस्टरना सांगावं तर धुण्याची कथा सांगावी लागली असती, आणि ती मग तुझ्या आईने सबंध वॉर्डाला ऐकवली असती. मोजा खिशात घातला.

धूर दिसला की विस्तव ओळखावा, हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या तुझ्या बापाला दुपारी कॅन्टीनमध्ये जेवताना प्रश्न पडला: दोन्ही मोजे एकाच बादलीत होते, मग एकच कसा आटला?

ताट तसंच टाकून वर आलो. चादर बाजूला केली. मोजा आटला नव्हता गं. पाय सुजला होता. हात लावला तर पोटरी गरम. दुखतं का विचारलं, तर म्हणाली, "पहाटेपासून. पण तुम्ही त्या मोज्यापायी आधीच इतके ओशाळला होतात..."

शिरेत रक्ताची गुठळी निघाली. इंजेक्शन चालू असूनही कधी कधी होते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. औषध लगेच वाढवलं. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ नये, यासाठी आता सगळी धडपड. माझ्यामुळे गेलेल्या अर्ध्या दिवसाचं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "वेळेत आलात."

हे एवढं सांगायला मला मोज्याच्या वाटेने यावं लागलं.

आज डॉक्टरबाईंनीच तिला थोडं चालवायला सांगितलं. सवयीने मी पुढे निघालो. मागून आवाज आला, "अहो, पेशंट इकडे राहिला." परत फिरलो. तिने माझं कोपर धरलं. व्हरांड्याच्या खिडकीपर्यंत गेलो, थांबलो, आणि मी कान देऊन तिचा श्वास ऐकू लागलो. तिच्या ते लक्षात आलं.

"येतोय हो श्वास," ती म्हणाली. "चला."

भिंगरीची नोकरी नवी आहे, तिला यातलं काही कळवू नका, असं तिने मला बजावलं. मी मान डोलावली. नुसत्या मान डोलावण्याला वचन म्हणत नाहीत, असं मी धरून चालतो.

रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये. आईला सांग, सहज आले. मला धीर वगैरे देत बसू नकोस, फक्त व्हरांड्यात आमच्याबरोबर चाल. एक कोपर तिने धरलं आहे. दुसरं रिकामं आहे.

तुझा,
बाबा