कानातली बाई

४ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीने आज शाळेतल्या बाईंच्या पोटरीचा चावा घेतला. टेबलाखाली शिरून बसली होती, बाई शेजारी उभ्या होत्या, झालं. मुख्याध्यापिकांचा फोन आला तेव्हा मी शिकाऊ आजोबांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. त्यांची शिकवणी अर्धवट टाकून धावले.

"काहीतरी करा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नाहीतर दुसरी शाळा बघा."

शेजारच्या खुर्चीत भिंगरी निवांत वेणीचं टोक चघळत होती. बाहेर आल्यावर विचारलं, का चावलीस?

"पाय समोर होता."



११ फेब्रुवारी, मंगळवार

लहान मुलांच्या मानसोपचाराचं केंद्र आहे, तिथे जाऊन आले. वाटलं होतं, भिंगरीला आत नेतील, काही बोलतील, तासाभराने शहाणी करून परत देतील. गाडी सर्व्हिसिंगला टाकतात तसं!

तिथली बाई माझ्याहून लहान, चष्मा डोक्यावर, आवाज मऊ. मी सगळं सांगितलं. माझी ताई, म्हणजे भिंगरीची आई, जाऊन वर्ष झालं, भावजी जहाजावर इंजिनिअर, म्हणून पोर माझ्याकडे. साडेपाच वर्षांची आहे. चावते, फेकते, पळते. भावजी एप्रिलमध्ये मोठ्या सुट्टीवर येतील, मग पुढचं ठरेल.

तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "उपचार मी नाही करणार. तुम्ही करणार. तुम्ही दोघी खेळायचं. मी काचेपलीकडून बघेन आणि तुमच्या कानात सांगत जाईन."

खेळताना तीन गोष्टी बंद. प्रश्न विचारायचा नाही, आज्ञा द्यायची नाही, चूक काढायची नाही.

अहो बाई, मी ड्रायव्हिंग शिकवते. या तिन्हींवरच तर माझं पोट चालतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला दिवस. खोलीत छोटं टेबल, ठोकळे, भिंतभर आरसा. आरशामागे ती. माझ्या कानात बटणाएवढं यंत्र.

मी म्हटलं, "काय बनवतेयस?" कानात: "हा प्रश्न झाला."

"तो निळा ठोकळा खाली ठेव." कानात: "ही आज्ञा."

"अगं, असा नाही गं उभा राहत मनोरा." कानात नुसता उसासा.

तीन चेंडूंत तीन दांड्या गुल.

मग तिने शिकवलं: मूल जे करतंय ते फक्त सांगत जायचं. म्हणून मी सुरू केलं. "तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवते आहेस. आता पिवळा घेतलास." सामन्याचं समालोचन चालल्यासारखं वाटत होतं. भिंगरीने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुला बरं नाहीये का?"

मनोरा पडायला आला की माझा पाय टेबलाखाली ब्रेक दाबत होता. तास संपेपर्यंत पोटरी दुखायला लागली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरीने बूट काढून आरशावर भिरकावला. मग दुसरा. मग मोजे. मी उठणार तेवढ्यात कानात: "बघू नका. तुम्ही खेळत राहा."

खेळत राहा म्हणे! आटोकाट प्रयत्न करून मी एकटी ठोकळे रचत बसले. "मी पूल बांधते आहे. माझा पूल फार सुंदर होतो आहे." तो मुळीच सुंदर होत नव्हता. भिंगरी कोपऱ्यात लोळून किंचाळली. मी पुलाला खांब लावले. ती अजून जोरात किंचाळली. मी पुलावरून ठोकळ्यांची गाडी नेली.

किंचाळणं हळूहळू बारीक झालं. मग अनवाणी पावलं. माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "गाडी चुकीच्या बाजूने चाललीय."

कानात: "आता. आता कौतुक करा."

"तू परत येऊन बसलीस, मला आवडलं."

 तिने पाठ माझ्या गुडघ्याला टेकवली. जोरात हलले तर ती उडून जाईल असं वाटलं, म्हणून पाय आखडला तरी तशीच बसून राहिले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सवय वाईट. आज बँकेतल्या साहेबांना म्हणाले, "क्लच किती हळुवार सोडलात, वा." साहेब कानापर्यंत लाल झाले, माझ्याकडे बघत राहिले आणि गाडी फुटपाथवर चढवली. फुटपाथकडे दुर्लक्ष करणं काही जमलं नाही.

६ मार्च, गुरुवार

भांडं फुटलं. भिंगरी खेळता खेळता माझ्या मांडीवर चढली, केस बाजूला केले, यंत्र बघितलं.

"इथे कोण राहतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं तर कानात: "खरं सांगा." सांगितलं. आरशामागे एक बाई आहे, मला खेळायला शिकवते.

"तुला येत नाही?"

"नाही. शिकते आहे."

तिला हे फारच पटलेलं दिसलं. मग माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, "कानातल्या बाई, मावशीला सांगा, चिखल आणू दे!" माझ्या कानठळ्या बसल्या. पलीकडे ती बाई हसत होती, मला ऐकू येत होतं. चांगली फिदीफिदी.

१२ मार्च, बुधवार

भिंगरीच्या आत्याचा फोन. "दादा येतोय. पोरीला आता आमच्याकडेच आणायचं म्हणतोय. आमच्याकडे शिस्त असते. जेवताना मुलं अवाक्षर काढत नाहीत."

मी विचारलं, "जेवतात तरी का?"

तिने फोन ठेवला. मग मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले.  भाजी करपली.

माझ्याकडे आहे, ते तात्पुरतं आहे. पहिल्या दिवशी मीच तसं म्हणाले होते. "तुम्ही येईपर्यंत सांभाळते." मूर्ख बाई.

२७ मार्च, गुरुवार

आज आज्ञा द्यायची परवानगी मिळाली! पण पथ्यं किती. एका वेळी एकच. "ठेवशील का" नाही, "ठेव." आणि सांगून झालं की गप्प थांबायचं.

"बूट कप्प्यात ठेव."

भिंगरीने बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर पुढची पाच वाक्यं रांगेत उभी. मी दात आवळून धरले. ती उठली. ठेवले. उलटेसुलटे, पण कप्प्यात.

"लगेच ऐकलंस, छान केलंस."

कानात: "तुम्हीही छान थांबलात."

मला थांबल्याबद्दल आजवर कोणी शाबासकी दिली नव्हती. येताना सिग्नलला विनाकारण हसत होते. शेजारचा रिक्षावाला घाबरला.

शाळेतूनही तक्रार नाही सध्या. बाईंच्या पोटऱ्या सुखरूप आहेत.

८ एप्रिल, मंगळवार

भावजी आले. वाळलेत. दारात उभे राहिले आणि भिंगरी माझ्या मागे. "बाबा आलेत," मी म्हटलं. ती म्हणाली, "फोनमधले?"

त्यांनी मोठी बाहुली आणली होती. भिंगरीने ती घेतली, खिडकीशी गेली आणि खाली सोडून दिली. चौथ्या मजल्यावरून.

मला आतून गुदगुल्या झाल्या. कोणी वाचणार नाहीये, तर खोटं कशाला लिहू? झाल्या.

भावजी रागावले नाहीत. खाली गेले, बाहुली शोधून आणली, रुमालाने पुसून खुर्चीत ठेवली.

रात्री जेवताना म्हणाले, बंदरावर नोकरी मिळते आहे. जहाजावरची नोकरी सुटेल. पण ते शहर लांब. बहीण तिथेच राहते, पण घर वेगळं घेतील. "पण भिंगरी माझ्याजवळ येईल असं वाटत नाही."

मी म्हटलं, "बघू." आणि त्यांना जास्त भात वाढला.

१७ एप्रिल, गुरुवार

आज भावजींना खोलीत बसवलं. मी आरशामागे. उंचपुरा माणूस बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला टेकलेले. मला मजा येत होती.

तेवढ्यात बाईने माइक माझ्या हातात दिला. "आज कानातल्या बाई तुम्ही. मी शेजारी आहे."

आत भावजींनी विचारलं, "शाळेत काय आवडतं तुला?" भिंगरीने पाठ फिरवली. "मैत्रीण आहे का कोणी?" ती आणखी लांब सरकली. ते आरशाकडे बघायला लागले. तिथे त्यांना स्वतःशिवाय कोण दिसणार?

चुकीचं काही सांगायचीही गरज नव्हती. मी नुसती गप्प बसले असते तरी काम झालं असतं. पोर माझ्याकडे राहिली असती. बाई माझ्याकडे बघतही नव्हती.

एक ठोकळा खाली पडला. भावजींनी तो उचलला. कुठे ठेवावा कळेना. दोन्ही हातांत धरून बसले, अंडं धरावं तसा.

मी बटण दाबलं. "भावजी, विचारू नका काही. ती काय करते ते फक्त सांगा."

ते दचकले. मग म्हणाले, "तू... भिंत बांधते आहेस."

"भिंत नाही. बोट आहे."

मी कानात म्हटलं, "तिचंच वाक्य परत म्हणा."

"ही बोट आहे."

"यात बाबा असतात. उतरत नाहीत."

मला वाटलं आता हा माणूस कोलमडणार. "म्हणा," मी म्हटलं. "तसंच म्हणा."

"यात बाबा असतात," ते म्हणाले. "उतरत नाहीत."

 "आता थांबा," मी म्हटलं. "ती बोलेपर्यंत थांबा." थांबणं मला येतं आता.

भिंगरीने बोटीकडे बराच वेळ पाहिलं. मग बाजूचा एक ठोकळा ओढून काढला. "इथे दार करते. दारच नव्हतं ना, कसे उतरणार?"

"तू दार केलंस," भावजी म्हणाले.

मी माइक परत दिला. म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय. बाई नुसतं "हं" म्हणाली. प्रश्न नाही, आज्ञा नाही, टीका नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

भावजींना आता वेड लागलंय. मी भांडी घासत होते तर मागून, "तुम्ही कढई घासता आहात. फार चांगली घासता आहात." भिंगरी पलंगावरून ओरडली, "बाबा, मावशीवर नाही करायचं!"

२८ एप्रिल, सोमवार

भिंगरी आज भावजींना चावली. म्हणजे ते आता घरचे झाले.

२ मे, शुक्रवार

बंदरावरची नोकरी पक्की झाली. भावजी म्हणाले, "तिला नेऊ का, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर परत विषय काढणार नाही." आतल्या खोलीत भिंगरी त्यांना घोडा करून हाकायची वाट बघत होती, हाका मारत होती — "बाबा, चला ना, बाबा."

मी हो म्हटलं.